तरवडाचा माळ

पिवळसर रबराची ती नळी करंगळीच्या पेराएवढीसुद्धा नव्हती, आणि थुंकी लावल्याशिवाय सायकलच्या व्हॉल्वच्या पितळी काडीवर चढत नव्हती. गुरुपादप्पा ओसरीच्या पायरीवर उकिडवे बसून ती चढवत होते. निसटली की पुन्हा चढवत होते. बोटांना इतकं बारीक काम राहिलं नव्हतं. ही बोटं पराती उचलायला, घागरींच्या कडांवरून फिरायला सरावलेली, तांब्या वाजवून त्याचा कस सांगणारी... कपाळावरची विभूती अजून पुरती वाळली नव्हती. नुकतंच उजाडलं होतं. भाद्रपद सरला होता, उद्या घट बसायचे होते, आणि हवेत तो गारवा होता, वर्षातून चार-आठ दिवसच लातुरात उतरणारा. आभाळ मात्र चिंच लावून घासून पालथ्या ठेवलेल्या परातीसारखं लख्ख होतं. एक ढग नाही. सलग दुसरं वर्ष कोरडं.

नळी एकदाची बसली. त्यांनी पंप मारला, चाक दाबून पाहिलं, मग कॅरिअरवर पोतं चौघडी करून सुतळीनं बांधलं आणि वर हातानं चाचपून बघितलं, टोचणार तर नाही ना. शिवमूर्ती दात घासत मोरीपाशी उभा होता. लेकाच्या नजरेत थोडं हसू होतं, थोडी काळजी. काल रात्री जेवताना त्यानं सांगून पाहिलं होतं की जीप ठरवून देतो, या वयात सायकल कशाला. गुरुपादप्पांनी मान हलवली होती. जीपनं जाण्यात काय अर्थ होता? तिनं जीप मागितली नव्हती. तिनं सायकलच मागितली होती...

लग्नानंतरच्या पहिल्या भाद्रपदात, अशाच घटाच्या तोंडावर, शरणम्मा म्हणाली होती. तेव्हा ती जेमतेम सतरा वर्षांची, घरात कुणाशी मोठ्यानं न बोलणारी. पाण्याचा तांब्या हाती देता देता ती एवढंच म्हणाली, की रेणापूरच्या वाटेला माहेरच्या शिवेवर माळ आहे, तिथं आता तरवड फुलला असेल, सीताफळांचे डोळे उघडले असतील, तर सायकलवर बसवून एकदा न्याल का. ते हसले होते. वडील, सिद्रामप्पा, तेव्हा भांड्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसत. त्यांचा मुलगा दुकान सोडून बायकोला मागं बसवून माळावर फिरतो, हे गोलाईच्या बाजारात कुणी पाहिलं असतं तर... पुढल्या वर्षी बघू, म्हणाले. त्याच्या पुढल्या वर्षीही तेच म्हणाले असतील. मग तिनं विचारणं कधी थांबवलं ते त्यांना आठवत नव्हतं. आठवण्याची गरजच पडली नव्हती इतकी वर्षं.

गेल्या दिवाळीपासून दुकान शिवमूर्तीनं हाती घेतलं आणि गुरुपादप्पा घरी बसले. घरी बसल्यावर त्यांना शरणम्मा दिसायला लागली. दुपारी उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडणारी, मधेच हात थांबवून कुठंतरी बघत राहणारी. मनातल्या मनात ते त्या बघण्याचा अर्थ लावत गेले. तिचं राहून गेलं. एवढंसं मागणं होतं, आणि मी... मी तेही दिलं नाही. दुपारच्या त्या लांबच लांब वेळात ही हळहळ त्यांना सोबतीसारखी झाली होती. तिच्यात दुःख होतं, पण एक ऊबही होती. अजून हातात असलेली, भरून काढता येईल अशी चूक.

म्हणून काल त्यांनी तिला विचारलं होतं, माळावर यायचं का, सायकलवर. त्यांना वाटलं होतं तिचे डोळे भरून येतील. ती क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, बरं, दशम्या करून घेते.

गाव मागं पडायला पूर्वीपेक्षा वेळ लागला. जिल्हा होऊन तीन-चार वर्षंच झाली होती, पण रेणापूरच्या अंगाला जिथं ज्वारीची शेतं असायची तिथं आता विटांच्या थप्प्या, कार्यालयांच्या पाट्या आणि आखून ठेवलेले प्लॉट होते. रस्ता रुंद करायला टाकलेल्या मुरमात चाक रुतायचं. गुरुपादप्पांना धाप लागत होती, पण ते उतरले नाहीत. पाठीमागं तिचं वजन होतं, फार नव्हतंच, आणि भर उजेडात, उघड्या रस्त्यावर ती इतकी जवळ बसलेली आयुष्यात प्रथमच. कुणीतरी ओळखीचा शरणार्थ म्हणून गेला. त्यांनी हँडलवरचा एक हात कपाळाला लावून नमस्कार परतवला आणि त्यांना लाज वाटली नाही. केवढी सोपी गोष्ट होती ही. एवढ्याचसाठी आपण...

एका वस्तीपाशी टँकरची वाट बघत घागरींची रांग लागली होती. माणसं सावलीला बसली होती आणि रांगेत नुसत्या घागरी उभ्या होत्या, पितळी, जर्मनच्या, अलीकडच्या प्लास्टिकच्याही. त्यातल्या कितीतरी आपल्या दुकानातून गेल्या असणार, हे त्यांनी ओळखलं. दुष्काळात घागरी जास्त खपतात. दुकानात असताना या गोष्टीचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. आज सायकल थोडी जोरात मारत ते तिथून पुढं गेले.

"चिंचेपाशी डावीकडं घ्या," मागून शरणम्मा म्हणाली.

त्यांना वाटत होतं वाट सरळ जाते.

"ती वाट मोडली. खदान झाली तिथं. हिकडून घ्या."

त्यांनी वळवली. माहेरच्या कुणी तिला सांगितलं असेल, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

माळ लांबून उघडा-बोडका दिसत होता. गवत वितभरही वाढलं नव्हतं, आणि ते आत्ताच पिवळं पडलेलं. पायथ्याच्या शेतात ज्वारी गुडघ्याएवढीच राहून करपली होती. आणि त्या सगळ्यात तरवड फुलला होता. काळ्या दगडांच्या मधून, जिथं मुठीएवढीही माती नसेल तिथून उठून, झुडपंच्या झुडपं पिवळीधमक. गुरुपादप्पा सायकल धरून उभे राहिले. एवढ्या कोरड्यात हे कुठून पाणी पितं? त्यांना वाटलं, आता ती काहीतरी बोलेल, किती वर्षांनी, म्हणेल. ती खाली उतरली, पदर खोचला आणि चालू लागली.

ती शोधत नव्हती. सीताफळीची पहिली दोन-चार झाडं तिनं बघितलीसुद्धा नाहीत. त्यांच्यावर आक्रसून काळी पडलेली फळं लटकत होती. ती ओहळाच्या कडेनं वर गेली, एका दगडांच्या ढिगाला वळसा घातला, आणि पलीकडच्या घळीत, जिथं ओल धरून असावी, तिथं हिरव्या पानांची पाच-सहा झाडं उभी होती. तिथं आधीच कुणीतरी होतं. एक म्हातारी शेळ्यांना पाला ओरबाडून घालत होती. शरणम्माला बघून तिनं हातातला पाला खाली टाकला.

"लई उशीर केलास यंदा," म्हातारी म्हणाली. "मला वाटलं येती का न्हाई. नागुबाई कुठाय?"

"नांदेडला गेली, लेकाकडं. आता तिकडंच राहती."

"मंग ह्ये कोण?"

"आमचे मालक."

म्हातारीनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि गुरुपादप्पांना नीट न्याहाळलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं, आणि ते तिनं लपवलं नाही.

"हायत व्हय. मला वाटलं, परगावी असत्याल नोकरीला."

हसायचं होतं की काय करायचं होतं, ते गुरुपादप्पांना कळलं नाही. नागुबाई म्हणजे शेजारच्या शिंप्याची बायको. उन्हाळ्यात ते कुटुंब नांदेडला गेलं, त्या दिवशी शरणम्मा दुपारभर स्वयंपाकघरातून बाहेर आली नव्हती आणि त्यांनी विचारलं होतं, डोकं दुखतंय का. एवढंच त्यांना नागुबाईबद्दल ठाऊक होतं. शरणम्मानं सांगितलं, ही साखराबाई, खालच्या वाडीची. मग त्या दोघी बोलायला लागल्या. कुणाची तरी सून नांदत नव्हती, कुणाची विहीर आटली होती, कुणीतरी वैशाखात गेलं होतं. त्यातलं एकही नाव त्यांना माहीत नव्हतं. शरणम्मा एकेकाची चौकशी करत होती, आणि मधेच कशावर तरी हसली. मोकळं, मान मागं टाकून. ते एका दगडावर बसले.

साखराबाई शेळ्या घेऊन खाली गेली तेव्हा त्यांनी विचारलं.

"तू येत होतीस इथं?"

"हाव."

"कधीपासून?"

"शिवमूर्ती रांगत होता, तवापासून." ती फांदी वाकवून फळांचे डोळे बघत होती. "सकाळच्या गाडीनं यायचं. चिंचेपाशी उतरायचं. तुम्ही जेवायला यायच्या आत घरी."

"दर वर्षी?"

"एखादं चुकलं असंल."

"मला कधी बोलली नाहीस."

तिनं एक फळ पिरगाळून काढलं, पदरात टाकलं, आणि मग त्यांच्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं त्यांना पुढं वाटत राहिलं.

"तुम्ही कधी इचारलं न्हाई, सीताफळं कुठली म्हणून."

खरंच की... दर वर्षी नवरात्रात जेवणानंतर ताटाशेजारी सीताफळ असायचं. लहान, खडबडीत, पण गोडीला असं की बाजारातलं त्यापुढं पाणचट लागावं, आणि ते बाजारातलंच समजून त्यांनी वर्षानुवर्षं खाल्लं होतं. बिया वाटीत टाकत, दुकानाचं बोलत. एकदा तर अळी निघाली म्हणून वाटी सरकवून दिली होती, आणि फळवाल्याला शिव्या घातल्या होत्या, आणि ती उभी होती तिथंच, वाटी उचलून आत गेली होती. घटावरच्या तरवडाच्या माळा. त्या फुलवाली आणून देते असं त्यांना का वाटत होतं? गोलाईतली कुठली फुलवाली तरवड विकते? शिवमूर्तीची ज्वारीच्या धाटाची बैलगाडी, चिपाडाच्या सालीची चाकं आणि पुढं भेंडाचे बैल लावलेली. ती सिद्धेश्वराच्या जत्रेतली, असं तेच गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगत. ती इथं, या दगडावर बसून तिनं केली असेल. नागुबाईशी बोलत. हसत. सगळं त्यांच्या घरात येत होतं, त्यांच्या हातातून, तोंडातून जात होतं, आणि मी... मी कुठं होतो?

तिचं काही राहून गेलं नव्हतं. ते इतके महिने जिच्यासाठी झुरत होते, ती उंबऱ्यावर बसून वाट बघणारी बाई कुणी नव्हतीच. बसून ती बघत असायची ते हा माळ असेल, नाहीतर नांदेडला गेलेली नागुबाई असेल. आणि ज्या गोष्टीची भरपाई करायला ते आज पहाटे उठले होते, ती तिच्याकडून कधी गेलीच नव्हती. गेली होती ती त्यांच्याकडून. हा गारवा, ही घळ, फांदी वाकवताना ओठ दाबून धरणारी ही बाई, एवढी सगळी वर्षं, तासाभराच्या वाटेवर. तिला न दिल्याचं दुःख सोसवत होतं, त्यात आपण मोठे होतो. या दुःखात मोठं व्हायला जागा नव्हती.

ते उठले आणि झाडाशी गेले. करायला काहीतरी हवं होतं. त्यांनी हाताला येतील ती फळं तोडली. ती घेऊन आले तेव्हा शरणम्मानं ती एकेक करून चाचपली, बरीचशी कच्ची होती, आणि बाजूला ठेवली. एक मात्र आपल्या पदरात घेतलं. ते चांगलं होतं म्हणून, की त्यांना बरं वाटावं म्हणून, हे त्यांना ओळखता आलं नाही.

दशम्या खाल्ल्या. मग ती तरवडाचे झुबके मांडीवर घेऊन माळ करायला बसली. दोन झुबके उलटसुलट धरायचे, दोऱ्याचा वेढा द्यायचा, अंगठ्यानं दाबायचा. त्यांनी बघितलं आणि दोरा मागून घेतला. त्यांच्या वेढ्यातून फुलं घसरत होती. तिनं त्यांचं बोट धरून दोऱ्यावर ठेवलं, "दाबून धरा," म्हणाली, आणि गाठ मारली. बोट तिनं लगेच सोडलं.

"नागुबाई गेली म्हणून आलीस का माझ्यासोबत?" ते विचारणार होते. शब्द तोंडाशी आले होते. पण त्याचं उत्तर काहीही आलं तरी ते ऐकून घ्यायची आपली तयारी नाही, हे त्यांना जाणवलं. त्यांनी दुसरंच विचारलं.

"यंदा फुलं कमी का?"

"न्हाई," ती म्हणाली. "तरवडाला काय दुष्काळ. फळं कमी हायत." मग माळेवरची नजर न काढता म्हणाली, "ह्या वर्सी नसतेच आले मी. एकटीला नको वाटलं."

त्यांनी मान हलवली. हे आपल्याला बोलावणं होतं की नुसतं नागुबाईचं जाणं होतं? दोन्हीही असेल. आजवर तिच्या प्रत्येक वाक्याचा अर्थ त्यांना लगेच लागत आला होता, कारण ते वाक्य पुरं ऐकतच नव्हते.

ऊन चढायच्या आत निघाले. उतारावर ते पायीच चालले, सायकल हातात धरून. सीताफळांची पिशवी हँडलला आणि तरवडाच्या माळा ओल्या फडक्यात गुंडाळून तिच्या हातात. चिंचेपाशी ती बसली. त्यांनी पायडल मारलं. रस्ता तापायला लागला होता, समोरून एक ट्रक धूळ उडवत गेला, धूळ बसली, आणि मग त्यांना मागून आवाज ऐकू आला. शरणम्मा गुणगुणत होती. अगदी हळू, स्वतःशीच. बायका घटापुढं म्हणतात तसलं काहीतरी असावं. शब्द कळत नव्हते, साखळीची करकर मधे येत होती. ते त्यांना ऐकवायला नव्हतं. कदाचित परतीच्या वाटेवर ती दर वेळी गुणगुणत असेल आणि आजही सवयीनं, पुढं कोण आहे हे विसरून...

गुरुपादप्पांनी मान वळवली नाही. विचारलंही नाही. वळलो तर ती थांबेल, एवढंच त्यांना कळत होतं. त्यांनी पाय हलके केले, सायकल जेमतेम तोल धरेल इतकी सावकाश, साखळीचा आवाज होणार नाही अशी, चालू दिली.