मुंगीची शहाणी चाल

“उलाळली रं, उलाळली! धुरंवर बसा कुनीतरी!”

सटवाजीआबांची ही हाक निकिताच्या कानात बावीस वर्षं मुक्कामाला होती. तेव्हा ती सहा वर्षांची. वालूरच्या शिवारात बांधावर बसून हरभऱ्याचं टहाळ खात होती. कडब्यानं भरलेली बैलगाडी मळ्यातून निघाली, ओढ्याच्या चढाला लागली आणि एकाएकी धुरेसकट, पुढच्या दांडीसकट, गाडीचं तोंड आभाळाकडं गेलं. आजोबांची ती हाक, घागरमाळांचा कल्लोळ, मग नुसती धूळ. धूळ बसली तेव्हा आबांचा पाय चाकाखाली होता आणि उजवीकडचा बैल, सर्जा, तुरीच्या पिकात जाऊन थरथरत उभा होता.

सर्जा उधळला, असंच सगळे म्हणाले.

सर्जा निकिताच्या आईच्या माहेरचा. कस्तुराबाईच्या भावानं येलदरीला वासरापासून वाढवून बहिणीच्या दावणीला आणून बांधलेला. खुरपताना, निंदताना ती त्याच्यावर ओवी म्हणायची:

माह्या माहेरचा सर्जा, प्याला पुर्नेचं गं पानी
वळनाला हाक नको, त्याची चालच शहानी

आठ दिवसांत सर्जा सेलूच्या बाजारात विकला गेला. आबा मरेपर्यंत लंगडत चालले. भावकीतल्या बायका कस्तुराबाईच्या पाठीमागं, पण तिला ऐकू जाईल इतक्याच हळू, म्हणायच्या, “माहेरचा बैल आनला, सासऱ्याचा पाय घेतला.” तिनं कधी उलट उत्तर दिलं नाही. ओवी मात्र गिळली.

तिचा नवरा लिंबाजी त्याच साली शेतीतून उठला आणि देवगाव फाट्यावर वेल्डिंगचं दुकान टाकून बसला. आज पंचक्रोशीतल्या निम्म्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या त्याच्या हातच्या. बोलणं थोडं, हात नेमका.

आणि त्याच दुकानाच्या अर्ध्या भागात, तीन वर्षांपासून, निकिताची मुंगी आकाराला येत होती.

मुंगी म्हणजे ओढगाडी. गुडघ्याएवढी बुटकी, लांबीला बैलगाडीपेक्षाही आखूड. चार चाकं, चारी चाकांना वेगळी मोटार आणि चारी चाकं आपापल्या जागी वळणारी. बॅटरीवर चालणारी, म्हणून आवाज नाही. मधोमध एक जाड थाळी, त्या थाळीवर सांगाड्याचं तोंड टेकायचं. सांगाडा म्हणजे मागं चाकं असलेली लांब लोखंडी चौकट, तिच्यावर चाळीस फुटी कंटेनर, हमालांच्या बोलीत डबा. नांदेडला इंजिनिअरिंग शिकलेली निकिता पुण्याला नोकरीला जाणं लांबवत हे करत होती, ते वालूरच्या जिनिंगसाठी.

जिनिंगचं आवार जुनं. फाटकातून आत आलं की वजनकाटा, काट्यापलीकडं दगडी भिंत, भिंतीला लागून कडुलिंब, आणि तिथंच काटकोनात वळण. लांब ट्रेलरला ते वळण जन्मात जमलं नव्हतं. म्हणून कंटेनर बाहेर रस्त्यावर उभा राहायचा आणि सरकीपासून वेगळी झालेली पांढरीशुभ्र रुई, तिच्या आवळून बांधलेल्या गाठी, टेम्पोनं तिथवर न्यायच्या. चढव, उतरव, परत चढव. गाठी फाटायच्या, धुळीनं माखायच्या. मालक किशनराव बेजार झाले होते. परदेशी माल घेणाऱ्यानं सांगितलं होतं, डबा गोदामाच्या दारातच भरा, नाहीतर आम्ही दुसऱ्या गावी जातो.

“चालली तर तुही मुंगी घेतो,” किशनराव निकिताला म्हणाले होते, “न्हाई चालली तर बापाला म्हनावं, तिच्या लोखंडाच्या दोन ट्रॉल्या कर.”

लिंबाजीनं नुसती मान हलवली होती. निकितानंही मनाशी ठरवलं होतं. नाही चालली तर पुणे.

पहिल्या दिवशी रिकामा डबा मुंगीनं मागं मागं ढकलत वळणातून असा नेला, की हमालांचा मुकादम बजरंग विडी पेटवायची विसरला. डब्याचं दार गोदामाच्या ओट्याला जाऊन टेकलं.

“आता भार,” किशनराव म्हणाले. “चाळीस गाठी टाका. रिकामं तर माहा नातू बी वढील.”

निकिता आणि दुकानातला वेल्डर धम्मपाल मुंगीच्या तारा तपासत होते. ओट्यावर लिंबाजी उभा होता. बजरंगनं विचारलं, “मिस्त्री, गाठी पार आत न्यायच्या का?”

“कशाला? परत काढायच्याच हायेत. लावा दारापाशीच. घटकाभराचं तर काम.”

चाळीस गाठी दारापाशी रचल्या गेल्या. मुंगी निघाली. सपाटीवर चालली, वळणात शिरली, आणि वजनकाट्याच्या चढाला लागताच तिची चाकं जागच्या जागी गरगर फिरली. रबर जळाल्याचा वास सुटला. डबा हलेना. निकितानं जोर वाढवला तशी मुंगी आडवी घसरली आणि डब्याचा कोपरा भिंतीला घासला. हमालांत हसू पसरलं.

“मुंगीला पंख फुटले व्हते, मिस्त्री,” किशनराव म्हणाले. “पुढं काय व्हतं ते म्हनीतच हाय.”

लिंबाजी डब्याच्या मागच्या चाकांकडं बघत होता. ती चाकं दबून फुगली होती.

दोन ट्रॅक्टर लावून डबा परत ओट्याला ढकलला. किशनरावांनी घड्याळ बघितलं. “उद्या दहाला येक बार आनखी बघू. मग मला माहा रस्ता मोकळा.”

सगळे पांगले. निकिता मुंगीच्या पाठीवर बसून राहिली. धम्मपाल चढावरच्या काळ्या रेघा बघत होता.

“ताई, मोटार कमजोर न्हाई वो. कमजोर असती तर चाक थांबलं असतं. हे तर फिरायलंय. मुंगी जनू अधांतरी व्हती.”

“अधांतरी?”

“मी खालून बघत व्हतो ना. चढाला डब्याचं तोंड थाळीवर उड्या मारायलं व्हतं.”

निकिता उठली. रेघांकडं गेली, मग डब्याच्या मागं जाऊन त्या दबलेल्या चाकांपाशी बसली. आणि बावीस वर्षांपूर्वीची धूळ पुन्हा उडाली. धुरंवर बसा कुनीतरी!

संध्याकाळी घरी कस्तुराबाई भाकरी थापत होती. लिंबाजी चुलीशेजारी जेवायला बसला होता.

“माय, गाडी उलाळती म्हंजी नेमकं काय व्हतं गं?”

कस्तुराबाईचा हात थांबला. या घरात ती गोष्ट कुणी काढत नसे. तिनं नवऱ्याकडं बघितलं नाही. पीठ बाजूला सारलं, काठवटीच्या एका कडेवर तळवा दाबला. पलीकडची कड वर उचलली.

“हे असं. मागं भार जास्त झाला की धुरा वर जाती. धुरा वर गेली की जू वर जातं आन् बैलाचा गळा आवळतो. पाय भुईला ऱ्हात न्हाईत त्याचे. मंग तो किती बी तालेवार असू दे, वढील कशानं? आन् गळा आवळला की उधळंल न्हाई तर काय करंल?”

“आन् भार म्होरं जास्त झाला तर?”

“मंग धुरजड. बैलाच्या मानंवर सारं वझं. चांगला गाडीवान भरतानाच थोडं म्होरं ठिवतो. थोडंच. बैलाला कळावं की आपल्यामागं गाडी हाय, यवढं.” तिनं काठवट सरळ केली. “माह्या भावानं शिकिवलं व्हतं मला.”

लिंबाजीनं ताटात हात धुतला. अर्धी भाकर तशीच होती. तो उठून अंगणात गेला.

निकिताला आता सगळं दिसत होतं. वळणात शेपटी अडकू नये म्हणून तिनं सांगाड्याची मागची चाकं टोकापासून पुढं, आत घेतली होती. म्हणजे बैलगाडीसारखाच मध्याकडं आलेला चाकांचा आस. चाळीस गाठी आसाच्या मागं रचल्या आणि मुंगीचे पाय भुईवरून सुटले. मुंगी नव्हती कमजोर. तिच्या खांद्यावर कुणी भारच दिला नव्हता.

सकाळी नऊला ती किशनरावांसमोर उभी राहिली.

“मालक, चाळीस गाठी नकोत. डबा पुरा भरा. एकशेदहा.”

किशनरावांचा चहा बशीतच राहिला. “पोरी, काल चाळीस वढवंना, आन् आज एकशेदहा? ईस टन व्हतील!”

“म्हनूनच वढंल.”

“हे कोन्त्या कालेजात शिकिवलं तुला?”

“हे मायनं शिकिवलं. काठवटीवर.”

बजरंग खो खो हसला, पण त्याच्या चाळीस वर्षांच्या हमालीत कुठंतरी काहीतरी हललं असावं. तो दाढी खाजवत म्हणाला, “मालक, भरून तर बघू. बापजाद्यांच्या गाडीत बी रिकाम्या गाडीपरीस सारखी भरलेली गाडी नीट चालायची.”

कालच्या गाठी उतरवून नव्यानं भरायला सुरुवात झाली तेव्हा लिंबाजी स्वतः डब्यात शिरला. कुणी सांगितलं नव्हतं. पार आतल्या भिंतीपासून, एकेक गाठ हातानं रेटून, थर सारखा करून तो लावून घेत होता. जानेवारीच्या थंडीतही सदरा भिजला. “मिस्त्री, तुमी कामून? आमी हाव की,” बजरंग म्हणाला. लिंबाजीनं पुढची गाठ रेटली. शेवटची गाठ लागेपर्यंत तो बाहेर आला नाही.

कस्तुराबाई आली होती. या आवारात ती पहिल्यांदाच येत होती. लिंबाच्या बुंध्याशी, पदर डोक्यावर घेऊन उभी राहिली.

निकितानं मुंगीवर बसून दांडा ओढला. सांगाड्याचं तोंड थाळीवर बसलं आणि मुंगीची चारी चाकं हळूच दबली, जशी जू मानेवर आल्यावर बैलाची खांदाडी दबते. धम्मपाल खाली वाकून ओरडला, “बसली ताई! पाय भुईला हायेत!”

मुंगी निघाली. आवाज नाही, धूर नाही. वीस टनांचा निळा डबा ओट्यापासून सुटला आणि सावली सरकावी तसा सरकायला लागला. वळण आलं. निकितानं आतली चाकं जागच्या जागी धरली आणि बाहेरची चालवली. खळ्यात मळणीला पात धरताना मधल्या मेढीच्या खांबाजवळचा बैल जागच्या जागी फिरतो आणि कडेचा लांब चालतो, तसंच. डब्याचं तोंड वळलं, कंबर वळली. भिंत आणि पत्रा यांच्यात वीतभर उजेड राहिला. लिंबाची एक डहाळी डब्याच्या माथ्यावरून नुसती हात फिरवून गेली.

आता चढ. कालच्या काळ्या रेघा समोर होत्या. मुंगीची पुढची चाकं चढाला लागली, दबली, धरली. आणि वर गेली. मागोमाग डबा. कालच्या रेघांवरून, त्यांना पुसत, वजनकाटा ओलांडून, फाटकातून, थेट वालूरच्या रस्त्यावर.

बजरंगनं अशी शीळ घातली की लिंबावरची पाखरं उठली. हमालांनी ओट्यावरची सांडलेली रुई मुठीमुठीनं आणून उधळली. गुलालासारखी ती वर गेली आणि धम्मपालच्या केसांवर, मुंगीच्या पाठीवर, किशनरावांच्या टोपीवर पांढरी होऊन उतरली. रस्त्यावरची एक एसटी थांबली. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून म्हणाला, “आरं, डबा कोन वढायलंय? खाली तर कायीच दिसंना!”

“मुंगी!” चाळीस हमाल एका दमात ओरडले.

किशनरावांनी टोपीवरची रुई झटकली नाही. “बाई,” ते म्हणाले. सकाळची ‘पोरी’ कुठंच नव्हती. “अशा दोन लागतील मला. आन् त्या म्हनीचं इसरा. पंख फुटलेली मुंगी म्या आजच बघितली.”

“पंख न्हाईत मालक,” निकिता हसली. “पाय हायेत. भुईला टेकलेले.”

तेवढ्यात लिंबाखालून आवाज आला. आधी गुणगुण, मग स्वच्छ. बावीस वर्षं न ऐकलेला. बायको गाते आहे हे लिंबाजीला क्षणभर कळलंच नाही.

माह्या लेकीची गं मुंगी, तिला चारा न्हाई पानी
वळनाला हाक नको, तिची चालच शहानी

ती दुसऱ्यांदा म्हणाली. ओवीत मुंगीच्या जागी आधी कोण होतं ते तिला आणि आणखी एकालाच ठाऊक होतं.

लिंबाजी फाटकातून आत शिरून तिच्यासमोर आला. सदऱ्याला रुई चिकटलेली, डोळे लाल. चारचौघांत त्यानं तिला नावानं कधी हाक मारली नव्हती.

“कस्तुरा,” तो म्हणाला. निकिता मुंगीवरून उतरता उतरता थांबली. “सर्जा उधळला न्हवता. त्या दिशी गाडी म्या भरली व्हती. सारा कडबा मागंच टाकला. वढ्यापल्याड तर जायचं, घटकाभराचं तर काम, म्हनलो. गाडी माह्यामुळं उलाळली. आबांचा पाय म्या मोडला. तुह्या माहेरच्या बैलाचा कायी गुन्हा न्हवता.”