कोऱ्या कापडाचा आठवडा

मी एक जुना तापमापक आहे. पण मित्रांनो, आजाऱ्याच्या काखेत ठेवतात तो मी नव्हे. मी हवेचा ताप मोजतो, आणि तोही पाय ओले ठेवून. रानाच्या पायथ्याशी वनखात्याची एक बैठी कचेरी आहे. तिच्या अंगणात चार खांबांवर एक पांढरी लाकडी पेटी उभी आहे. त्या पेटीत मी एकतीस वर्षं टांगलेला आहे. पेटीच्या चारी बाजूंना तिरक्या फळ्या आहेत. त्यांतून वारा आत येतो, ऊन येत नाही. मला बाहेरचं जग दिसतं ते बोटभर पट्ट्यांमधून. बूट दिसले तर चेहरा दिसत नाही, चेहरा दिसला तर हात दिसत नाहीत. एकतीस वर्षांत मी एकही माणूस डोक्यापासून पायापर्यंत सलग पाहिलेला नाही.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. एका कारागिराने गाल फुगवून नळी फुंकली, तिच्यात पारा भरला आणि अंगावर बारीक रेघा कोरल्या. त्याच भट्टीतून माझा भाऊ निघाला. तो माझ्याआधी बाहेर पडला म्हणून थोरला. आम्ही दोघे एकाच पेटीत शेजारी शेजारी आलो, पण नशीब सारखं नव्हतं. थोरल्याला तसाच टांगला. माझ्या पायाला मात्र कापड गुंडाळलं आणि त्याचं टोक पाण्याच्या वाटीत सोडलं. म्हणून तो कोरडा आणि मी ओला.

यात गंमत अशी आहे. कापड पाणी पितं, वारा ते सुकवतो, आणि मला गार वाटतं. आंघोळ करून तुम्ही ओल्या अंगाने दारात उभे राहिलात की कसे कुडकुडता, तसंच. हवा जितकी कोरडी तितका मी जास्त गारठतो, आणि थोरल्याच्या व माझ्या आकड्यांत तितका जास्त फरक पडतो. फरक मोठा असेल तर रानाला वणव्याचा धोका. फरक आठच्या आत असेल तर हवा दमट, भीती कमी. थोरला फक्त हवेची ऊब सांगतो आणि फुकटचा भाव खातो. धोका कळतो तो माझ्यामुळे. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, थोडी बढाई आहे.

आमची नोंद ठेवायला एक बाई होत्या. सगळे त्यांना ताई म्हणत. सकाळी आठ आणि दुपारी दोन, हे त्यांचे ठोके. वीस वर्षांत त्यांनी एकही चुकवला नाही. दार उघडायच्या, श्वास रोखून आकडा वाचायच्या, म्हणजे त्यांच्या श्वासाचीही ऊब आम्हाला लागू नये. नोंदवहीत लिहायच्या आणि वायरलेसवरून शहरातल्या साहेबांना कळवायच्या. कोणी म्हणालं की ताई, आज अंदाजे किती असेल, तर त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबत. "मी अंदाज लिहीत नाही. काच सांगते ते लिहिते," असं त्या म्हणत. हे ऐकलं की माझा पारा एखादी रेघ वर चढत असे.

त्यांचा धाकटा भाऊ त्याच रानात मजुरांचा मुकादम होता. दर वसंतात तो तीन गडी घेऊन डोंगरावर जाई आणि जाळरेषा काढी. म्हणजे वणवा यायच्या आधीच वाळक्या गवताचा एक पट्टा आपण होऊन, सांभाळून जाळायचा. पुढे खरी आग आली तर तिला तिथे खायला काही मिळत नाही. पण ही काडी ओढायची ती ताईंचा आकडा आठच्या आत असेल तेव्हाच. मुकादम मोठा थट्टेखोर. पेटीत डोकावून मला म्हणायचा, "काय राव, सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, जरा जपून सांग." ताई त्याला हाताने बाजूला सारायच्या, कारण त्याच्या अंगाची ऊब लागे.

आता त्या आठवड्याकडे येतो. सोमवारी सकाळी दाट धुकं होतं. माझ्या पायाचं कापड जीर्ण झालं होतं, तळाशी हिरवं पडलं होतं. ताईंनी भावाला धुवट मऊ कापड आणायला सांगितलं होतं. त्याने बहिणीच्या प्रेमापोटी नवं कोरं, पांढरंशुभ्र, कडक कापड आणलं. ताई म्हणाल्या की याची खळ काढायला हवी, सोड्यात उकळायला हवं, कोरं कापड पाणी पीत नाही. मुकादम हसला. तापमापक आहे का नवरदेव, त्याला एवढे सोपस्कार कशाला, असं म्हणून त्याने चेष्टा केली. आठ वाजून गेले होते. वीस वर्षांत पहिल्यांदा ठोका चुकत होता. ताईंनी कापड तसंच बांधलं, उद्या उकळू म्हणाल्या, आणि तो उद्या काही आला नाही.

मित्रांनो, त्या खळीच्या कापडात मी कसा अडकलो ते काय सांगू. पाणी वाटीत काठोकाठ होतं. कापडाचं टोक त्यात बुडालेलं होतं. बघणाऱ्याला सगळं ठीक दिसत होतं. पण पाणी थेंबथेंब चढत होतं आणि माझ्यापर्यंत येईतो संपत होतं. मंगळवारी धुकं विरलं आणि डोंगरावरून गरम, कोरडा वारा सुटला. फळ्या तडतडू लागल्या. मला थंडीने काकडायला हवं होतं, आणि मी उबेत बसून राहिलो. मला तोंड नाही. पारा आहे, पण तोही माझ्या ताब्यात नाही. माझ्या अंगावर खोटा आकडा उमटत होता आणि तो पुसायला मला हात नव्हते.

बुधवारी दुपारी ताईंनी वाचलं: थोरला चौतीस, मी एकोणतीस. फरक पाच. त्या क्षणभर थांबल्या. त्यांचे ओठ कोरडे पडून फुटले होते, ते मी उघड्या दारातून पाहिलं. पण काच सांगते ते लिहायचं, हा त्यांचा नेम. शिवाय आठवड्याच्या शेवटी वादळ येणार असं कळलंच होतं, तेव्हा हवा दमट होत असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी पाच लिहिला. साहेबांनी परवानगी दिली. मुकादम गड्यांना घेऊन वर गेला आणि त्याने काडी ओढली.

दोन तासांत आग हाताबाहेर गेली. संध्याकाळी माझ्या पेटीत राख उडून येऊ लागली. वायरलेसवर साहेब ओरडत होते की मुकादमाने निष्काळजीपणा केला, याला घरी बसवतो. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं.

गुरुवारी सकाळी ताई आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. रान पेटलेलं आणि फरक अजून पाचच. त्यांनी बोट पुढे केलं आणि माझ्या पायाच्या कापडाला लावलं. ते कोरडं ठणठणीत होतं. मग त्यांनी स्वतःचा, धुऊन धुऊन मऊ झालेला रुमाल फाडला आणि मला बांधला. पाणी सरसर वर आलं. माझा पारा उतरत उतरत एकोणिसावर गेला. फरक पंधरा. साहेबांनी विचारलं की हवा एका रात्रीत एवढी कोरडी कशी झाली. ताई म्हणाल्या, झाली. बाकी अळीमिळी गुपचिळी. मी त्यांना दोष देत नाही. वीस वर्षांचं नाव एका शब्दात जाणार, हे कोणालाही जड जातं. पण भावावर आळ येत होता आणि त्या गप्प होत्या, हेही मी पाहिलं.

शुक्रवारी दुपारी वारा फिरला. डोंगरावर आग विझवत असलेले मुकादम आणि त्याचे तीन गडी दोन्हीकडून वेढले गेले. ते एका जुन्या दगडखाणीत उतरले. खाली नुसता खडक, तिथे जळायला काही नव्हतं. पण धूर कोंडत होता आणि पाणी संपलं होतं. बाहेर पडायला एकच वाट होती, कोरड्या ओढ्याची. तिच्यात कमरेइतकं वाळकं गवत. साहेबांनी वायरलेसवरून हुकूम सोडला की आग ओढ्यात उतरायच्या आत पळत खाली या.

ताई वायरलेस हातात घेऊन माझ्यासमोर उभ्या होत्या. दार सताड उघडं होतं. बारा वाजता फरक सोळा होता. साडेबाराला तेरा. आता एकला दहा. माझ्या अंगावर कुठून तरी दमट वारा येत होता.

मुकादमाने साहेबांना उत्तर दिलं नाही. खरखरीतून त्याचा आवाज आला, "ताई, आहेस का? तुझी काच काय म्हणते?"

ताईंनी वायरलेस तोंडाजवळ धरला. "आधी एक ऐक," त्या म्हणाल्या. "बुधवारचा माझा आकडा चुकीचा होता. कापड कोरं होतं, पाणी चढत नव्हतं, हे मला काल सकाळी कळलं. फरक पाच नव्हता, पंधराच्या घरात होता. साहेब ऐकतायत, त्यांनीही ऐकावं."

मग तो म्हणाला, "कापड तर मी आणलं होतं."

"बांधलं मी. आता ऐक. आज पाणी चढतंय, मी बोट लावून बघितलंय. तासात फरक सोळावरून दहावर आलाय. ओला वारा येतोय, आग दमणार. खाण सोडू नकोस."

साहेबांनी विचारलं की हे कोणाच्या जबाबदारीवर. ताई म्हणाल्या, माझ्या.

"कालच का नाही बोललीस?" भावाने विचारलं.

"भीती वाटली."

एकदा फसवलेल्या काचेवर चार जीव टाकायचे होते, आणि ती काच मी होतो. आजवर मला इतकं अडकल्यासारखं कधी वाटलं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "बरं. थांबतो."

दीडला फरक आठ. पावणेदोनला आग ओढ्यात उतरली आणि वरपासून खालपर्यंत एका दमात धडाडत गेली. गडी त्या वाटेने निघाले असते तर त्याच गवतात सापडले असते. ताईंनी डोळे मिटले आणि पुन्हा उघडून आकडा वाचला. दोनला सहा. मग थोरला भराभर उतरू लागला, आकाश काळवंडलं, आणि साडेतीनला गारा पडल्या. पेटीवर असा ताशा वाजला की माझी काच फुटते की काय असं वाटलं. त्यामागून धो धो पाऊस.

संध्याकाळी मला पट्टीतून चिखलाने भरलेले बूट दिसले. मी मोजले. आठ होते. मुकादमाने नळाखाली डोकं धरलं. त्याच्या भुवया जळाल्या होत्या, हातांना फोड आले होते. ताईंनी त्याला फक्त जेवलास का म्हणून विचारलं, आणि मग त्याच्या ओल्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या.

शनिवारभर वादळ घुमत होतं. विजा, वारा, मोडलेल्या फांद्या. रविवारी स्वच्छ ऊन पडलं आणि साहेब जीप घेऊन चौकशीला आले. माणूस वाईट नव्हता. त्याने पेटीचं दार उघडलं, मला निरखलं आणि हळू आवाजात ताईंना वाट काढून दिली. अहवालात लिहा, उपकरण जुनं झालं, काच बिघडली होती. तुम्हीही सुटाल, मुकादमही सुटेल. काचेला कुठे नोकरी आहे जायला?

मी ऐकत होतो. भट्टीतून निघाल्यापासून आपण होऊन कधी खोटं न बोललेला मी, आता गुन्हेगार ठरणार होतो आणि ब्रही काढू शकत नव्हतो.

ताईंनी लेखणी घेतली. "काचेवर ढकललं तर पुढच्या वसंतात तिचा खरा आकडाही कोणी मानणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि वर डोंगरावर माझा भाऊच असेल." त्यांनी लिहिलं: तापमापक ठीक. कापड खळीचं बांधलं, चूक माझी.

मुकादमावरचा आळ गेला. ताईंकडून नोंदीचं काम मात्र काढून घेतलं. त्या आता पलीकडच्या रोपवाटिकेत रोपांना पाणी घालतात. माझ्याकडे नवे काका येतात. ते बरे आहेत, थोडे घाईचे आहेत. पण आकडा वाचण्याआधी ते माझ्या कापडाला बोट लावून बघतात. त्यांना ते बघावंच लागतं, कारण डोंगरावरून मुकादम रोज तेवढंच विचारतो, आणि उत्तर मिळेपर्यंत काडीपेटी खिशातून काढत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं कोणीतरी मुकाट काम करत असेल. एखादं यंत्र असेल, एखादं माणूसही असेल. त्याच्या शब्दावर तुम्ही डोळे मिटून चालत असाल. जरूर चाला. फक्त अधूनमधून जवळ जाऊन, त्याला हवं ते त्याच्यापर्यंत पोचतंय का, ते बोट लावून बघा. आणि चूक तुमची असेल तर ज्याला तोंड नाही त्याच्या माथी ती मारू नका. माझ्या माथी ती मारणं किती सोपं होतं, आणि एका बाईने ती मारली नाही.