सह्यांची वही बंबावर उघडली तेव्हा

मित्रांनो, तुम्ही मला वही म्हणा नाहीतर चोपडी म्हणा, मी रागावणार नाही. तपकिरी चामड्याची बांधणी, आत तीनशे जाड पानं आणि वय पासष्टच्या पुढे. आमच्या गावातल्या हायस्कूलच्या मानमंडळाची मी सह्यांची वही. शाळेत क्लब पुष्कळ आहेत. नाटकाचा आहे, बुद्धिबळाचा आहे, शेतकीचा तर आहेच. तिथे हात वर केला की झालात सभासद. मानमंडळाचं तसं नाही. तिथे बोलावणं यावं लागतं. अभ्यास, पुढारपण, सेवा आणि सचोटी अशा चारही बाजूंनी पोर पारखून घेतात आणि मगच माझ्यासमोर उभं करतात.

आमचं गाव सीमेवरचं; नदीपलीकडे, कॅनडाच्या बाजूला, एका म्हाताऱ्या कारागिराने मला बांधलं. माझ्यावर पहिली सही केली ती एका मुलीने. तिची नखं अजून बटाट्याच्या शेतातल्या मातीने काळी होती आणि हात इतका थरथरत होता की शाईचा हा एवढा डाग पडला. तो डाग अजून पहिल्या पानावर आहे. मी तेव्हा कोरी, अडाणी होते. एवढीशी पोर नुसतं आपलं नाव लिहिताना का थरथरते, ते मला कळेना. आता चारशेच्या वर सह्या झाल्या, तरी खरं सांगू? अजूनही प्रत्येक पोर जवळ आलं की मी पानं सावरून बसते. वर्गात बाकं बडवणारी, गोंगाट करणारी हीच मुलं माझ्यापाशी येताना पाऊल न वाजवता येतात.

वाईट दिवसही पाहिले. मध्ये दहा-बारा वर्षं यादी संगणकावर छापायची टूम निघाली आणि मी खेळाच्या कपाटात, घामट मोज्यांच्या ढिगाखाली जाऊन पडले. ओल लागली, कडा कुरतडल्या गेल्या. मंडळाच्या नव्या बाई मिस पेल्टिए चेंडू शोधायला आल्या आणि मी हाती लागले. "अगं बाई, हिला इथे कोणी कोंबलं?" म्हणत त्यांनी मला स्वेटरच्या बाहीने पुसलं. त्या बाईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

आता गेल्या नोव्हेंबरची गोष्ट सांगते. त्या वर्षी नऊ मुलांना बोलावणं गेलं होतं आणि त्यात एलिझ थिबोडो होती. माझ्यात थिबोडो आडनावाची एकही सही नव्हती. एलिझची आजी, जिला ती मेमेर म्हणते, आठवीतूनच शाळा सोडून बटाटे काढायला गेली होती. नातीचं नाव वहीत चढणार म्हणून म्हातारी पहिल्या रांगेत, चर्चला जातानाचा कोट घालून बसली होती.

पाच मेणबत्त्या लावल्या. मुलांनी शपथ घेतली. मग रिवाजाप्रमाणे सगळ्या मेणबत्त्या एकदम फुंकल्या आणि घात झाला! छताला नवीनच बसवलेली धुराची घंटा कोकलायला लागली. आमच्या गावचं अग्निशमन दल म्हणजे कोण? मुलांचे वडील, मामा आणि काकाच. सगळ्यांच्या कमरेचे पेजर वाजले आणि समारंभाला आलेले निम्मे पुरुष खुर्च्या पाडत धावत सुटले. कुठे, तर बंब आणायला! ज्या हॉलमध्ये बसले होते, तोच हॉल विझवायला!

बाकीचे बाहेर गेले. मी टेबलावर एकटीच. वाटलं, संपलं आता सगळं. तेवढ्यात एलिझ माघारी धावत आली, मला छातीशी धरलं आणि बाहेर घेऊन गेली. तिचं काळीज केवढ्याने धडधडत होतं! मला वाटलं, घंटेला घाबरलीय पोर.

बाहेर बर्फ भुरभुरत होतं. बंब आला. दलाचे प्रमुख ऑरेल काका उडी मारून उतरले, आत गेले आणि हसत बाहेर आले. "पाच मेणबत्त्या! चाळीस वर्षांत एवढी मोठी आग पाहिली नव्हती!"

"बंबापाशी उभं राहून भाषणं कसली देता?" मेमेर म्हणाली. "माझी पोर गारठतेय इथे."

"मग इथेच उरकू या," मिस पेल्टिए म्हणाल्या. त्यांनी मला बंबाच्या गरम बॉनेटवर उघडलं. एकेक मूल आलं आणि सही करून गेलं. एलिझची पाळी आली. तिने पेन घेतलं, माझ्यावर टेकवलं आणि थांबली.

"काय झालं गं? नाव विसरलीस?" मेमेर म्हणाली.

"बाई, मी सही नाही करणार," एलिझ म्हणाली. "माझे सेवेचे चाळीस तास झालेले नाहीत. पंचवीसच झालेत."

आमच्याकडे बटाटे काढायला शाळेला तीन आठवडे सुट्टी असते. मंडळात यायला चाळीस तास सेवा करावी लागते; त्यातले शेवटचे पंधरा तास एलिझने त्या सुट्टीत वृद्धाश्रमातल्या मादाम लियांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं होतं. ती गेली शेतावर, मजुरीने. आश्रम चालवतात तेही ऑरेल काकाच. त्यांनी कागदावर चाळीस लिहून दिले होते.

काकांचा चेहरा पडला. "अगं पोरी, सुगीत सगळेच शेतावर असतात. तुझ्या बापाला मीच म्हटलं, काही बिघडत नाही."

"काका, मादाम लिया रोज खिडकीशी बसून वाट बघत होत्या. तुम्हीच सांगितलंत मला."

मेमेर पुढे आली. मला वाटलं, आता ही पोरीला बोल लावणार. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी होतं. "पंधरा तास ना?" ती म्हणाली. "मग त्यात एवढं काय? उद्यापासून जा. मीही येते, लियाला माझी धिरडी, माझे प्लॉय, फार आवडतात."

मिस पेल्टिए एवढंच म्हणाल्या, "वही थांबेल."

एलिझच्या मागे रेमी व्हायोलेट होता, दिवसभर टवाळक्या करणारा. त्याने पेन घेतलं. एलिझच्या जागेवर बोट ठेवलं, ती ओळ सोडली आणि खाली आपली सही केली. त्याला कोणी सांगितलं नव्हतं! बंबाचं बॉनेट गरम होतं, तरी मी शहारले. पासष्ट वर्षांत मी एवढी थोर जागा कोरी राहिलेली पाहिली नव्हती.

जानेवारीतल्या एका रविवारी बाई मला वृद्धाश्रमात घेऊन गेल्या. मेणबत्त्या नव्हत्या, शपथ नव्हती. खिडकीशी मादाम लिया होत्या आणि ताटलीत गरम प्लॉय होते. एलिझने शांतपणे सही केली. मेमेरने चष्मा लावून एकेक अक्षरावरून बोट फिरवलं. ते बोट खरखरीत होतं. थिबोडो या नावाशी ते बराच वेळ थांबलं.

मित्रांनो, मला कोरडं ठेवा, मोज्यांखाली कोंबू नका, एवढं तर मी मागतेच. पण आणखी एक मागते. पेन हातात घेऊन कोणी थबकलं, तर त्याला ढकलू नका, हसू नका. एक ओळ सोडा आणि खाली लिहा.