हात माझा, बांगडी रंभाची

एक हिरवी काचेची बांगडी, दोन-सहाच्या मापाची.

करंजेलाची बाटली. बुचाऐवजी तोंडाला चिंधीचा बोळा.

रोह्याच्या बाजारातली भंगाराची हातगाडी. तिच्यावर एक पंखा, एक पातं कमी.

मिठात उभं राहून राहून दगडासारखे झालेले पाय.

तीस चामडी पिशव्या, सगळ्यांची बुडं गोल.

मित्रांनो, या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध दिसत नाही ना? मलाही बरीच वर्षं दिसला नव्हता. मी चामडं शिवणारी एक जुनी मशीन आहे, आणि या पाचही गोष्टी माझ्या आयुष्यात आल्या. कुठली आधी, कुठली नंतर, ते सांगते.

तुम्ही घरी पाहिलेल्या शिलाई मशीनला खाली सपाट पाट असतो. त्यावर कापड पसरायचं आणि शिवायचं. मला पाट नाही. माझ्या सुईखाली एक गोल, आडवा हात पुढे आलेला आहे. म्हणून मला सिलिंडर मशीन म्हणतात. पिशवी या हातात बाहीसारखी चढवायची आणि फिरवत फिरवत तिचं बूड शिवायचं. सपाट मशीनवर तयार पिशवीचं बूड शिवायला गेलं, तर पिशवी चपटी होऊन तिच्या दोन्ही बाजू एकमेकींना शिवल्या जातात.

रोह्याला काळुरामचं चपलांचं आणि बॅगांचं दुकान होतं. तिथे मी सव्वीस वर्षं काम केलं. कंडक्टरच्या पिशव्या, डॉक्टरांच्या बॅगा, एकदा एका तबलजीच्या डग्ग्याची खोळसुद्धा. काळुराम रोज सकाळी माझ्यात तेलाचे चार थेंब सोडायचा. चार म्हणजे चारच. मग त्याची नजर कमी झाली. सुईत दोरा ओवायला त्याला शेजाऱ्याला हाक मारावी लागे. मुलगे कंपनीत लागले होते, त्यांना शिफ्ट होत्या. १९९४च्या श्रावणात त्याने दुकानातल्या दोन्ही मशीन विकायला काढल्या: मी, आणि माझ्या शेजारची सपाट पाटाची. तिचा रंग काळाभोर, अंगावर सोनेरी वेलबुट्टी. माझा रंग कधीच उडून गेला होता.

गिऱ्हाइकं आली. सगळी तिच्याकडे वळली. नागोठण्याच्या एका शिंप्याने माझ्याकडे पाहून विचारलं, हिचा दुसरा हात कुठे पडला? दुकानातले सगळे हसले. काळुरामही हसला, पण त्याने किंमत कमी केली नाही.

मग एका दुपारी रंभा आली.

रंभा पेणजवळच्या धरमतर खाडीकडची. तिचं आणि नवऱ्याचं, कान्हूचं, सारं आयुष्य मिठागरावर गेलेलं. मिठाच्या गोण्या दाभणाने शिवाव्यात तर रंभानेच, असं तिचं नाव होतं. त्या पावसाळ्यात बांध फुटला आणि मिठागर खाडीत गेलं. दिवाळीनंतर दोघांना उरणकडच्या मिठागरावर जाऊन आठ महिने झोपडीत राहावं लागणार होतं. मुलगी ऋतुजा चौथीत होती. तिला मागे ठेवायचं, तर मिठात उभं राहून पाय दगडासारखे झालेल्या सासू गिरजाबाईला धड चालता येत नव्हतं. म्हणजे पोरीची शाळा सुटणार होती.

तेवढ्यात एक गोष्ट घडली. रोह्याजवळच्या एका कारखान्यातल्या फिटरने आपली हत्यारांची फाटकी पिशवी रंभाकडून दाभणाने शिवून नेली. त्याच्या साहेबाला ती शिलाई आवडली. खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा असते. त्या दिवशी फिटरांना नव्या पिशव्या द्यायच्या होत्या. तीस पिशव्या होतील का, असं त्याने विचारलं, आणि रंभा हो म्हणून बसली. हाताने तीस होणार नव्हत्या.

साहेबाने नमुन्याची पिशवी दाखवली, पण घरी नेऊ दिली नाही. पिशवीत हातोड्याच्या दांड्यासाठी चामड्याची एक अरुंद नळी होती. सगळी अडचण त्या नळीची होती. रंभाजवळ टेप नव्हती. तिने हातातली एक बांगडी काढली आणि नळीत सरकवून पाहिली. बरोबर बसली. तेच माप घेऊन ती काळुरामकडे आली होती.

काळुरामने तिला काहीच सुचवलं नाही. दोन हायेत, बघ, एवढंच म्हणाला. रंभाने बांगडी आधी सपाट मशीनवर ठेवली. ती पाटावर नुसती पडून राहिली. मग रंभा माझ्याकडे वळली. बांगडी माझ्या हातात घातली आणि हळूच ढकलली. ती सरसर सरकली, थेट खांद्यापर्यंत गेली, आणि तिथे किणकिणली.

मित्रांनो, सव्वीस वर्षांत माझ्या हातात खूप काही चढलं होतं. बांगडी पहिल्यांदाच.

"ही," रंभा म्हणाली.

"दुसरी दिसायला चांगली हाय," काळुराम म्हणाला.

"मला काय तिला लग्नात मिरवायची हाय, काका?"

ती बांगडी तिने परत घेतली नाही. खांद्यापाशी ती कुणाच्या आड येत नव्हती.

मी यष्टीच्या टपावर बसून नागोठणे, वडखळ करत पेणला आले. गावात शिरताना जनू नावाचा शेजारी कान्हूबरोबर मला उतरवायला लागला. उतरवता उतरवता त्याने टोमणा मारलाच, की मीठ सोडलंस नि चामडं धरलंस. रंभा म्हणाली, "चामडं मिठातच टिकतं, जनू. तुला नाय ठाव." मग जनूने मला एकट्याने ओट्यावर चढवलं.

काम सुरू झालं. नवरात्र बसलं तेव्हा एकोणीस पिशव्या झाल्या होत्या. विसावी हातात चढली. टाका. टाका. टाका. टा

इथे माझ्या आठवणीत एक मोकळी जागा आहे. अडकलेल्या मशीनला काही आठवत नाही.

नंतर कळलं ते असं. खाडीचा खारा वारा माझ्या अंगावरचं लोखंड खाऊ लागला होता, हे गिरजाबाईने पाहिलं होतं. तिचा बाप होडीवाला. होडीच्या लाकडाला दर वर्षी करंजेल, म्हणजे करंजाच्या बियांचं तेल, चोपडतात, मग ते खाऱ्या पाण्याला दाद देत नाही. बिचारीने मोठ्या मायेने ती बाटली आणली आणि माझ्या अंगावरच्या प्रत्येक भोकात ओतली. दोन दिवसांत त्या तेलाचा डिंक झाला. चाक हलेना, पायडल हलेना.

खंडेनवमीला सहा दिवस उरले होते.

रंभा गिरजाबाईला एक शब्द बोलली नाही. ते न बोलणंच त्या म्हातारीला लागलं. ती दाराशी बसून राहिली. ऋतुजा आजीला येऊन विचारून गेली, उरणला शाळा असते का गो आजी?

कान्हू रोह्याला जाऊन काळुरामला घेऊन आला. काळुरामला नीट दिसत नव्हतं, पण त्याने माझ्या अंगावरून बोट फिरवलं आणि वास घेतला.

"हे कोणी घातलं?"

"मी," गिरजाबाई दारातूनच म्हणाली. "होडीला चालतं. म्हटलं, हिला पण चालंल."

काळुरामने बोट चिंधीला पुसलं. मग म्हणाला, "होडी तरंगते, मावशी. ही तरंगाया लागली तर मला कळवा."

गिरजाबाई हसली. तिच्यामागोमाग रंभाही हसली. घरात दोन दिवसांनी कुणीतरी हसलं होतं.

त्याने माझा सांधा न् सांधा रॉकेलने धुतला, नुसत्या बोटांच्या अंदाजाने. चार थेंब तेल सोडलं. रंभाला बजावलं की तीन दिवस पायडल मारायचं नाही, चाक हातानेच फिरवायचं, नाहीतर आतला दांडा तुटेल. पण रंभाचे दोन्ही हात पिशवी फिरवण्यात अडकलेले. चाक कोण फिरवणार?

गिरजाबाई उठली. माझ्या चाकाशी पाट टाकून बसली. "तू धर गो," ती रंभाला म्हणाली, "मी फिरवतंय."

मीठ ओढून ओढून तिचे तळवे खरबरीत झालेले होते. त्या तळव्यांनी तिने तीन दिवस माझं चाक फिरवलं, एकेक टाका करून. रंभा थांब म्हणाली की थांबायची, चल म्हणाली की चालायची. चौथ्या दिवशी रंभाने पायडलवर पाय ठेवला, तेव्हा म्हातारी अंमळ नाराजच झाली.

खंडेनवमीच्या सकाळी तीस पिशव्या कारखान्यात पोचल्या. साहेबाने एका पिशवीच्या नळीत हातोड्याचा दांडा घालून पाहिला. बसला. मग त्याने पाटीभर फाटक्या पिशव्या दुरुस्तीला दिल्या, आणि पुढच्या वर्षीचं कामही. दिवाळी झाली. उरणला कुणी गेलं नाही. ऋतुजा चौथी पास झाली, मग पाचवी.

पाच वर्षं मी त्या ओट्यावर शिवत होते. आता १९९९ संपत आलं आहे. कारखान्यात नायलॉनच्या पिशव्या येतात, तयार, हलक्या. रंभा अधूनमधून एखादी चप्पल शिवते. गिरजाबाई गेल्या वर्षी गेली. तिची करंजेलाची बाटली अजून फळीवर आहे, कुणी टाकत नाही. नववीतली ऋतुजा शाळेतून आली की दप्तर माझ्या हातात अडकवते. ते दप्तर मी शिवलेलं नाही. तरी मला ते जड वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी कोपऱ्यात उभं असेल, तर त्याला तेल द्या. पण आधी विचारा, कुठलं आणि किती. नुसत्या मायेने भागत नाही, हे मी सोसून सांगते. आणि कधी एखादी वस्तू निवडायची वेळ आली, तर तिच्या अंगावरची वेलबुट्टी पाहू नका. तुमचं काम तिच्या हातात चढतं का, ते पाहा.

रंभा दुकानात आली, त्याच्या आदल्या दिवशी भंगारवाला हातगाडी घेऊन दारात उभा होता; गाडीवर एक पातं कमी असलेला पंखा होता. मला अजून गिऱ्हाईक मिळालं नव्हतं, तरी काळुरामने त्याला सांगितलं, की ही मशीन कालच विकली गेली.