दर प्रश्नामागे दोन आरसे

व्यसनमुक्ती केंद्रात तिला सगळे मावशी म्हणत. स्वतःची दारू सुटून एकोणीस वर्षं झाली होती आणि त्यातली चौदा दुसऱ्यांची सोडवण्यात गेली होती. अशा बाईला बोलायला शिकवायचं म्हणजे माशाला पोहायला शिकवण्यातला प्रकार. पण नवा नियम आला: दर दोन वर्षांनी समुपदेशकानं प्रशिक्षण घ्यायचं, परीक्षा द्यायची, नाहीतर नोंदणी रद्द. नोंदणी गेली की सोमवारचा बायकांचा गट दुसऱ्याच्या हाती. तीन बायकांवर सुरू केलेल्या त्या गटात आता अठरा जणी होत्या. तो सोडायचा मावशीचा मुळीच विचार नव्हता.

प्रशिक्षण पाच दिवसांचं होतं, केंद्राच्याच वरच्या मजल्यावर. परीक्षा ऐकायला सोपी. दोघांनी समोरासमोर बसायचं, एकानं स्वतःची खरीखुरी, बदलावीशी वाटणारी सवय सांगायची आणि दुसऱ्यानं समुपदेशन करायचं. वीस मिनिटांचं बोलणं यंत्रावर ध्वनिमुद्रित करून ते मुद्रण जमा करायचं. समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत त्याला परत दाखवलं की त्याला इथे ‘आरसा’ म्हणत. दर प्रश्नामागे निदान दोन आरसे हवेत. न विचारता सल्ला दिला की गुण कापले.

प्रशिक्षिका पंचविशी-तिशीतली. मुद्रण ऐकताना कागदावर रेघा मारत जायची, म्हणून मावशीनं तिचं नाव मोजणीबाई ठेवलं होतं. पहिल्या मुद्रणानंतर मोजणीबाईनं कागद वर केला.

“एकतीस प्रश्न, चार आरसे, सहा सल्ले. मावशी, ही उलटतपासणी झाली. आधी पोलिसांत होतात का?”

“पोलिसांत नव्हते, पण त्यांच्याकडे जाणं-येणं बरंच होतं,” मावशी म्हणाली आणि सगळा वर्ग हसला.

दुसऱ्या खेपेला अकरा प्रश्न, नऊ आरसे. सल्ला एकच, पण दीड मिनिटांचा. नापास. तीनच मुद्रणं जमा करता येत होती. तिसरं आज, शेवटच्या दिवशी, पाचच्या आत.

जोडीला मास्तर आले. शाळेतून निवृत्त होऊन समुपदेशक झालेले, शिस्तीचे गृहस्थ. मावशीनं यंत्र सुरू केलं. तिला आज खात्री होती. काल रात्री नवऱ्याशी बोलताना तिनं इतके आरसे दाखवले होते की तो म्हणाला, “अगं, मला नुसतं मीठ हवं होतं.”

“मला झोपेच्या गोळ्या सोडायच्यात,” मास्तर म्हणाले. “म्हणजे सोडल्याच. लोकांना सांगायचं आणि आपण घ्यायच्या, हे बरं दिसत नाही.”

“शब्द आणि वागणं एक असावं, असं तुम्हाला वाटतं,” मावशी म्हणाली. आरसा एक.

“अगदी.” मास्तरांनी रुमालानं कपाळ पुसलं. खोलीत पंखा जोरात होता, मावशीला तर शाल घ्यावीशी वाटत होती. त्यांच्या हातातली पेन्सिल टेबलावर बारीक टकटक करत होती. ते ती वाजवत नव्हते. हातच थरथरत होता.

दुसरा आरसा मावशीच्या ओठांवर होता. तो तिनं तिथेच ठेवला आणि यंत्र बंद केलं.

“मास्तर, किती वर्षं घेताय?”

“चार.”

“रोज? किती?”

“दोन. कधी तीन.”

“शेवटची कधी घेतलीत?”

“परवा रात्री. मावशी, तुमचे प्रश्न वाढतायत हं.”

“वाढू देत. दारू एकदम तोडली तर झटके येऊ शकतात, हे नव्या मुलांना कोण शिकवतं?”

मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, “मी.”

“या गोळ्यांचंही तसंच आहे. त्या डॉक्टरच्या नजरेखाली, थोड्या थोड्या करत उतरवायच्या असतात. तुम्ही तर जिन्यावरून उडी मारलीत. उठा, खाली डॉक्टर आहेत.”

“वर्गात कळलं तर?”

मावशीनं यंत्र त्यांच्या समोर धरलं आणि झालेलं मुद्रण पुसून टाकलं. “काय कळणार? चला, दंड धरा माझा.”

डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, मास्तरांना झापलं, गोळी परत सुरू केली आणि कमी करण्याचं कित्येक महिन्यांचं वेळापत्रक लिहायला घेतलं. रात्रभर इथेच राहायचं, असंही बजावलं. मावशी वर आली तेव्हा सव्वाचार वाजले होते.

“मुद्रण?” मोजणीबाईनं विचारलं.

“नाही. पुसलं.”

“का?”

“ते सांगणार नाही. दुसऱ्याचं आहे.”

मोजणीबाईनं नियमांचा कागद काढला. बोट फिरवत वाचलं. “तीन मुद्रणं ‘जमा’ करता येतात, असं लिहिलंय. तुमची दोनच जमा आहेत. पण आता जोडीदार कुठून आणणार? सगळे गेले.”

“तुम्ही आहात की. बसा समोर. आणि खरं काहीतरी काढा, नाटक चालायचं नाही, तुमचाच नियम आहे.”

मोजणीबाई हसली, बसली. तोंडातलं च्युइंगम गालात सरकवत म्हणाली, “सिगारेट सोडून मला तीन वर्षं झाली. पण निकोटीनचं च्युइंगम सुटत नाही. बॅगेत पाकीट दिसलं की घरचे म्हणतात, ‘अजून?’”

मावशीच्या जिभेवर तीन सल्ले एकदम आले. मिरची चावल्यासारखे ते तिनं तोंडातच धरले.

“म्हणजे जे जमलं, ते घरात कुणी मोजतच नाही.”

मोजणीबाईचं चघळणं थांबलं. “कुणीच नाही,” ती म्हणाली. पुढची पंधरा मिनिटं मावशीला फारसं काही विचारावंच लागलं नाही.

स्वतःच्याच मुद्रणाला गुण देता येत नाहीत, म्हणून ते जाड चष्म्याच्या दुसऱ्या परीक्षकांकडे गेलं. त्यांनी दोघींसमोरच ऐकलं, रेघा मारल्या, पुन्हा मोजल्या.

“प्रश्न सहा. आरसे चौदा. सल्ला शून्य.” त्यांनी चष्मा वर केला. “म्हणजे पास.”

मावशीनं प्रमाणपत्राची घडीही घातली नाही, ते तसंच हातात धरून ती खाली गेली. मास्तर कॉटवर पडले होते, हाताची थरथर बरीच उतरली होती.

“झालात पास?” त्यांनी विचारलं.

“झाले. तुमचं काय?”

“माझा अभ्यासक्रम मोठा आहे,” मास्तर म्हणाले.

मग मावशीनं ओसरीवर येऊन गटातल्या सगळ्यात उशिरा येणाऱ्या बाईला फोन लावला. “सोमवारी दहाला. मीच आहे. आणि हे बघ, या वेळी मी कमी बोलणार आहे, तेव्हा तुम्ही सगळ्या घरून बोलायचं घेऊन या.”