वल्लरीने फाडलेली पानं

मी वल्लरीची गणिताची वही बोलतेय. सातवी 'ब'. माझ्या पिना सैल झाल्यात आणि मधली बरीच पानं आता माझ्याजवळ नाहीत. ती कुठे गेली, तेच सांगायचं आहे.

वल्लरीचे बाबा देवेंद्र विमा कंपनीत अधिकारी. नाशिकहून बदली होऊन जयपूरला आले, तिलक नगरात राहतात. एप्रिलमध्ये त्यांनी मला खाकी कव्हर घातलं आणि तिच्या आईने, चारुलताने, लेबलवर वळणदार अक्षरात लेकीचं नाव लिहिलं.

गणिताच्या प्रज्ञा मॅडम मनाने फार चांगल्या. पहिल्याच आठवड्यात वल्लरीने सगळ्यांच्या आधी उदाहरणं सोडवली, तेव्हा मॅडमनी मला उंच धरून वर्गाला दाखवलं. म्हणाल्या, "वल्लरी को तो पढ़ना ही नहीं पड़ता. जन्म से होशियार है." आणि लाल शाईत शेरा दिला, 'जीनियस'. खोटं कशाला बोलू, मीही फुगले. घरी बाबांनी ते पान नाशिकच्या आजोबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. मग तो शेरा दर आठवड्याला मिळायला लागला.

वल्लरी घाईने लिहू लागली. सर्वांत आधी पेन खाली ठेवायचं, एवढाच ध्यास. शेजारी बसणाऱ्या सलोनीची वही मला टेकून असायची, खोडून खोडून भोकं पडलेली. तिच्यात मॅडम हिंदीत लिहायच्या, 'तिसरी पायरी पुन्हा बघ', 'कालच्यापेक्षा नीट मांडलंस'. मला त्या वहीची कीव यायची.

ऑगस्टमध्ये समीकरणं सुरू झाली. एका कारखान्यात किती कामगार लागतील, असं उदाहरण होतं. वल्लरीचं उत्तर आलं, साडेसात कामगार. पुन्हा केलं, पुन्हा साडेसात. तिने हात वर केला नाही. जन्मापासून हुशार असलेल्या मुलीने विचारायचं तरी कसं? घरी आल्यावर तिने ते पान आवाज न करता फाडलं. आमच्यासारख्या पिनेच्या वह्यांचं असं असतं, एक पान ओढलं की पलीकडचं त्याचं जोडपान सुटतं. ते जुलैतलं होतं, 'जीनियस'वालं. वल्लरीने ते थोडा वेळ हातात धरलं आणि दोन्हींचा मिळून बोळा केला.

पुढे चुकलेली पानं अशीच जाऊ लागली आणि वर्गात ती सलोनीची उत्तरं बघून लिहू लागली. त्यावरही मॅडमनी 'जीनियस' लिहिलं. तो शेरा तिने वाचलाच नाही. मला पटकन मिटून टाकलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मॅडमनी तसलंच उदाहरण फळ्यावर लिहून तिला बोलावलं. वल्लरी खडू धरून उभी राहिली ती उभीच. शेवटी मॅडम मायेने म्हणाल्या, "कोई बात नहीं, आज मूड नहीं होगा. तू तो होशियार है."

दुसऱ्या दिवसापासून तिचं पोट दुखू लागलं. चार दिवस शाळा बुडाली. डॉक्टरांना काही सापडलं नाही. पाचव्या दिवशी चादर बदलताना वल्लरीच्या गादीखाली चारुलताला कागदाचे बोळे सापडले. तिने ते जमिनीवर पसरून तळहाताने एकेक सरळ केले. वल्लरी दारातून बघत होती.

चारुलता रागावली नाही. तिने नुसतं विचारलं, "मॅडमना का नाही विचारलंस गं?"

"मतलब... एकदम नाही आलं ना आई, तर ते येतच नाही. हुशार लोकांना एकदम येतं," वल्लरी म्हणाली. "आणि विचारलं तर सगळ्यांना कळेल, की मी नाहीये."

चारुलता ती पानं आणि मला घेऊन शाळेत गेली. मॅडमनी मला पहिल्यापासून वाचलं. गणितं नाहीत, स्वतःचे शेरे वाचले. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मैंने तो हौसला ही बढ़ाया था." चारुलताने मान डोलावली. घरी तिने आणि देवेंद्रने तरी वेगळं काय केलं होतं?

त्या आठवड्यात माझ्यावर नवा शेरा आला. 'पहिल्या दोन ओळी बरोबर. तिसरीत काय विचार केलास, मला सांग.' मला वाटलं, आता सगळं ठीक होईल. पण तो वाचून वल्लरीचा चेहरा उतरला. मधल्या सुट्टीत तिने सलोनीला विचारलं, "मॅम मुझसे नाराज़ हैं क्या?" सलोनीला प्रश्नच कळला नाही. तिला तर असे शेरे रोज मिळत.

या गोष्टीला तीन महिने झाले. पानं अजून अधूनमधून जातात. एकदा बसलेली समजूत शेरा बदलला म्हणून लगेच उठत नाही.

काल पुन्हा एक उदाहरण चुकलं. वल्लरीचा अंगठा पानाच्या कडेवर आला. मी अंग आखडून घेतलं. बराच वेळ तो तिथेच होता. मग तिने अंगठा काढला, पेन्सिल घेतली आणि तिसऱ्या ओळीशेजारी बारीक अक्षरात लिहिलं, 'यहाँ अटक गई'. आणि मला गठ्ठ्यात सगळ्यात खाली सरकवून दिलं.

आता मी शिक्षकांच्या खोलीत टेबलावर आहे. माझ्यावर एकेचाळीस वह्या आहेत. मॅडमची मान अवघडली आहे आणि पुढच्या तासाची घंटा व्हायला आली आहे.

मॅडम, दमला असाल, तरी शेवटची वही घाईत तपासू नका. ती ओळ फार पुसट लिहिलेली आहे.