शिंप्याच्या पलंगावरची चादर

मित्रांनो, मी एक जुनी सुती चादर आहे. उद्या सकाळी मी मातीत जाणार, म्हणून आजच बोलून घेते.

माझा जन्म हातमागावरचा. तिथून मी एका शिंप्याच्या घरी आले आणि चाळीस वर्षं त्याच्या पलंगावर नांदले. त्याची बायको मला दर आठवड्याला धुवायची, उन्हात वाळवायची. "अशी मऊ चादर शोधून सापडायची नाही," असं शेजारणींना ऐकवायची. मी फुशारून जायचे, खोटं कशाला बोलू?

पुढे मी मधोमध विरले. त्यांच्या मुलीने नवी, फुलाफुलांची चादर आणली आणि माझी रवानगी ट्रंकेच्या तळाशी झाली. फार वाईट दिवस ते.

मग बाई अंथरुणाला खिळली. नवी चादर तिच्या अंगाला टोचू लागली. शिंप्याने मला बाहेर काढलं, विरलेला भाग कापून टाकला आणि दोन्ही धड तुकडे नायलॉनच्या दोऱ्याने जोडले. "बघ, आपण जाऊ, पण ही शिवण जायची नाही!"

"पुरे झाली बढाई," बाई हसली. "मला हिच्यातच गुंडाळा. पेटी नको, दगड नको. वर एक झाड लावा, म्हणजे झालं."

काल ती गेली. आज सकाळी, जिथे दगडाऐवजी झाडं लावतात त्या दफनभूमीचा राखणदार घरी आला. त्याने माझ्यावरून हात फिरवला आणि तो थबकला. "काका, सूत मातीत मिसळेल. हा नायलॉन मात्र वर्षानुवर्षं तसाच राहील. आमच्याकडे चालत नाही."

"बाबा, दुसरी सुती चादर आणू," मुलगी म्हणाली.

"नाही. तिने हीच सांगितली होती."

दुपारभर शिंपी स्वतःचीच शिवण उसवत बसला. शेवटचा दोरा निघाला, माझे दोन तुकडे झाले, आणि तो माझ्यात तोंड खुपसून रडला. मग त्याने सुईत सुती दोरा ओवला आणि लांब लांब टाके घालू लागला.

"जवळ घाला ना, बाबा. सुटतील."

"सुटू देत गं. सुटायलाच हवेत."

मित्रांनो, मला कुजायची भीती नाही. बाईला पोटाशी धरून मी माती होईन. तुम्हीही घरातल्या थोरांना, ती बोलती-चालती आहेत तोवर, त्यांची इच्छा विचारून ठेवा. मातीला पचणार नाही असं काही त्यांच्याबरोबर धाडू नका.

आणि अजून एक. उद्या शिंपी एकटाच घरी परतेल. पलंगावर ती नसेल, मीही नसेन. थोडा वेळ त्याच्याजवळ जाऊन बसा.